पीटीच्या तासाने मुलांची पाठ सरळ होते का?

पाटीपेन्सिल
नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहूनच टाकते.

माझी मुलगी ११ वर्षांची आहे, सहावीत. गेल्या वर्षभरात उंची भराभर वाढली आणि तेव्हापासून पोक काढून चालते. अभ्यासाला बसली की डावा पाय खुर्चीवर मुडपलेला, उजवा खांदा वर आणि हनुवटी जवळजवळ वहीला टेकलेली. दिवसातून वीस वेळा "सरळ बस" म्हणते. ती पाच सेकंद ताठ होते आणि मी पाठ फिरवली की पुन्हा तशीच. आता तर मी खोलीत गेले तरी तिच्या कपाळाला आठी पडते.

परवा पालकसभेत पीटीच्या सरांनी विचारलं, "पुढच्या सत्रात मुलांच्या शरीराच्या ठेवणीवर काही करायचंय, पालकांनी सुचवावं." आठवड्याला ४० मिनिटांचे दोन तास आहेत. शारीरिक शिक्षणाने या बाबतीत खरंच फरक पडतो का? पडत असेल तर नेमकं काय करून घ्यायला सांगू? शिक्षक, डॉक्टर, पालक, ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया लिहा.

काटकोन
आमच्याकडेही हुबेहूब हेच, फक्त मुलगा आहे आणि पाय उजवा. वाचतोय.

भिंगरी
मी १९ वर्षं शारीरिक शिक्षण शिकवते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पाटीपेन्सिल, "सरळ बस" म्हटल्यावर मुलगी पाच सेकंदांत पुन्हा वाकते, यात तिचा हट्ट नाही. ताठ बसणं हे पाठीच्या, पोटाच्या आणि खांद्याच्या फऱ्यांभोवतीच्या स्नायूंचं काम आहे, आणि ते काम जोराचं नसून चिवटपणाचं आहे. थोडा ताण, पण खूप वेळ. दिवसभर बसणाऱ्या मुलांचे हे स्नायू लवकर दमतात. दमले की शरीर सांध्यांवर आणि अस्थिबंधांवर रेलतं. त्यालाच आपण पोक म्हणतो. दमलेल्याला "दमू नकोस" असं सांगून काय होणार?

नव्या वर्गाला मी पहिल्या दिवशी काहीच शिकवत नाही. चेंडू देते आणि बघत राहते. मग चटईवर पालथं झोपवून हात-पाय-छाती एकदम उचलायला सांगते, विमानासारखं. सहावीच्या वर्गात निम्म्या मुलांचे पाय दहाच्या आत खाली येतात. मान तेवढी वर, पाठ थरथरतेय, श्वास रोखून चेहरा लाल. तीच मुलं दोन महिन्यांनी तीस मोजेपर्यंत राहतात, आणि राहता राहता शेजारच्याशी गप्पाही मारतात! बोलता येतंय म्हणजे श्वास मोकळा आहे, ही माझी खूण.

गवतफूल
मी फिजिओथेरपिस्ट आहे. भिंगरीताईंच्या स्नायूंबद्दलच्या म्हणण्याला पूर्ण अनुमोदन, पण मूळ प्रश्नातल्या एका गृहीतकाबद्दल बोलायला हवं.

बसण्याची किंवा उभं राहण्याची एकच 'बरोबर' पद्धत असते आणि बाकी सगळ्यांनी पाठीचं वाटोळं होतं, याला आधार नाही. बसण्याची ठेवण आणि पाठदुखी यांचा संबंध लोक समजतात त्यापेक्षा खूपच कच्चा आहे. त्रास होतो तो एकाच स्थितीत तासन्‌तास राहिल्याने. ताठ बसूनही तासन्‌तास हललं नाही तर पाठ आखडते. त्यामुळे पाय मुडपून बसणं हा गुन्हा नाही. दर वीस मिनिटांनी तो पाय बदलतोय का, मूल उठतंय का, हे बघा.

आणखी एक. कणा मुळात सरळ नसतोच. बाजूने पाहिलं तर मानेत आणि कमरेत आत, छातीमागे बाहेर अशी वळणं असतात. छातीमागचा साधारण २० ते ४० अंशांचा बाक निरोगी समजला जातो. लहान मुलांचं पोट पुढे आणि कंबर आत दिसते तेही वयाला धरूनच असतं. "ताठ" करण्याच्या नादात जे नैसर्गिक आहे त्याच्याशी झगडायला नको.

उंबरठा
गवतफूल, हे वाचून बरं वाटलं. मला एक अनुभव सांगायचा आहे.

मी नऊ-दहा वर्षांचा असताना आमच्या पीटीच्या शिक्षकांनी वाकून उभ्या राहणाऱ्या मुलांना वेगळं काढलं होतं. आम्ही चौघं होतो. शर्टाच्या आत, पाठीला लागून लाकडी पट्टी खुपसायचे आणि तास संपेपर्यंत तसंच उभं करायचे. बाकीचे खेळायचे, आम्ही बघायचो. पट्टीचं टोक मानेखाली टोचायचं, ती जागा मला आजही बोटाने दाखवता येईल. पाठ सरळ झाली नाहीच. मैदानावर जायचीच भीती बसली आणि पुढे पंधरा वर्षं मी कुठलाही खेळ खेळलो नाही.

पाटीपेन्सिल, सरांना काहीही सुचवा, पण कुठल्याही मुलाला सगळ्यांसमोर 'वाकडा' म्हणून बाजूला काढू नका, एवढं नक्की सांगा.

रानवाट
उंबरठा, वाचून गलबलून आलं.

निळासावळा
पाठ आणि शाळा यांचं नातं फार जुनं आहे. 'ऑर्थोपेडिक्स' हा शब्दच मुळात मुलांसाठी घडवला गेला. निकोलस आंद्री या फ्रेंच वैद्याने १७४१ मध्ये तो ग्रीक शब्दांवरून बनवला: 'ऑर्थोस' म्हणजे सरळ आणि 'पायडिऑन' म्हणजे मूल. त्याच्या ग्रंथातलं वाकड्या झाडाचं चित्र, खोडाला दोरीने खुंटाशी बांधलेलं, आजही अनेक अस्थिरोग संस्थांचं बोधचिन्ह आहे.

मग १८१३ मध्ये पेर हेन्रिक लिंग यांनी स्टॉकहोममध्ये व्यायामशिक्षणाची संस्था काढली. शाळांच्या व्यायामशाळेत भिंतीला आडव्या दांड्यांची शिडी असते ना, ती याच स्वीडिश परंपरेतून जगभर गेली. अमेरिकेत जेसी बॅनक्रॉफ्ट या शारीरिक शिक्षणातल्या बाईंनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शाळकरी मुलांसाठी तिहेरी चाचणी आणली होती: मूल उभं असताना, चालताना आणि व्यायाम करताना, अशी तीनदा ठेवण बघायची. मला ती कल्पना अजूनही पटते. नुसतं उभं करून बघण्यात अर्थ नाही, हे त्यांना शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. १९१४ मध्ये तिथे शरीराच्या ठेवणीसाठी एक राष्ट्रीय संघही स्थापन झाला, त्यातही त्या होत्या.

मातीचा_गंध
अवांतर, पण राहवत नाही. माझं काम रोपवाटिकेचं आहे. खुंटाला घट्ट बांधलेलं झाड उंच होतं, पण त्याचं खोड बारीक राहतं. वाऱ्याने हललं तरच खोड जाड होतं आणि मुळं पसरतात. आम्ही आता खुंटाची दोरी मुद्दाम सैल ठेवतो, झाड डोलायला हवं म्हणून. आणि सहसा पहिल्या वर्षानंतर ती काढूनच टाकतो. आंद्रीसाहेबांच्या चित्रातली दोरी मला तरी जरा आवळलेली वाटते.

भिंगरी
@मातीचा_गंध, हे मी उद्या वर्गात सांगणार. अजिबात अवांतर नाही!

देवचाफा
सगळे प्रतिसाद छान आहेत, पण मला एका गोष्टीकडे लक्ष वेधायचंय. पाटीपेन्सिल, तुम्ही लिहिलंय "उजवा खांदा वर". तो फक्त लिहितानाच वर असतो की उभी असतानाही?

माझ्या मुलीच्या बाबतीत मला काहीच कळलं नव्हतं. ती बारा वर्षांची होती. तिच्या पीटीच्या मॅडमनी पायाच्या बोटांना हात लावण्याचा साधा व्यायाम घेतला होता. त्या मागे उभ्या होत्या, तेव्हा त्यांना दिसलं की वाकल्यावर पाठीची उजवी बाजू डावीपेक्षा उंच आहे, छोटी टेकडी असावी तशी. त्यांनी वर्गात अवाक्षर काढलं नाही. संध्याकाळी मला फोन केला आणि म्हणाल्या, "घाबरू नका, पण एकदा डॉक्टरांना दाखवा."

एक्स-रेमध्ये कणा बाजूला वळलेला निघाला. स्कोलिओसिस. १० अंश किंवा त्याहून जास्त वळण असलं की त्याला हे नाव देतात. तिचं २७ होतं. उंची वाढायची होती, म्हणून पट्टा लावला. दीड वर्ष, दिवसातले अठरा तास. उन्हाळ्यात तिच्या कमरेवर पुरळ उठायचं, रात्री मी ते पुसायची. आज ती सोळा वर्षांची आहे, वळण तिथेच थांबलंय, आणि ती पोहते.

मागून बघायच्या गोष्टी मला तेव्हा कळल्या, त्या इथे लिहिते. दोन्ही खांदे एका पातळीत आहेत का, एक फरा जास्त बाहेर दिसतो का, हात सैल सोडल्यावर कमरेशी दोन्हीकडे सारखी फट दिसते का, आणि वाकल्यावर पाठ दोन्ही बाजूंनी सपाट आहे का.

काटकोन
आताच मुलाला वाकवून बघितलं. सपाट आहे. तो म्हणाला, "बाबा, माझ्या पाठीवर काय हरवलंय तुमचं?"

गवतफूल
देवचाफा, फार मोलाचं लिहिलंत. थोडी भर घालतो.

ही वाकून बघण्याची चाचणी विल्यम अ‍ॅडम्स या इंग्रज शल्यवैद्याच्या नावाने ओळखली जाते, १८६५ सालापासून. किशोरवयातलं स्कोलिओसिस साधारण शंभरात दोन-तीन मुलांना असतं. बहुतेकांचं वळण किरकोळ राहतं, पण ते वाढत जाण्याचा धोका मुलींमध्ये बराच जास्त आणि उंची झपाट्याने वाढताना सर्वांत जास्त. ते वाकून बसल्याने होत नाही, दप्तराने होत नाही, आणि पीटीच्या व्यायामाने बरंही होत नाही. पालकांनी स्वतःला दोष देऊ नये म्हणून हे ठासून सांगतो. मध्यम वळण असलेल्या वाढत्या मुलांवर पट्ट्याचा मोठा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पट्टा लावलेल्यांपैकी ७२ टक्के मुलांचं वळण शस्त्रक्रियेच्या हद्दीपर्यंत पोचलं नाही, फक्त निरीक्षणाखाली असलेल्यांत हे प्रमाण ४८ टक्के होतं. पट्टा जितके तास, तितका फायदा. तुमच्या मुलीचे अठरा तास वाया गेलेले नाहीत.

मात्र शाळेत सरसकट सगळ्यांची तपासणी करावी का, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवा कृतिदलाने २०१८ मध्ये म्हटलं की बाजूने किंवा विरुद्ध सांगायला पुरावा पुरेसा नाही. विनाकारण एक्स-रे आणि विनाकारण धास्ती, हाही तोटाच. मला विचाराल तर शिक्षकाची नजर तयार हवी, पण रांगा लावून तपासणी नको.

आणि पोक असलेल्यांसाठी: मूल पालथं झोपून छाती उचलतं तेव्हा बाक मोकळा होतो का ते बघा. मोकळा झाला तर ती सवय आहे. तसाच टणक राहिला, शिवाय दुखत असेल, तर श्युअरमनचा आजार असू शकतो. त्यात मणके पुढच्या बाजूने पाचरीसारखे होतात. तेव्हा डॉक्टरांकडे जा, "सरळ हो" म्हणून उपयोग नाही.

पाटीपेन्सिल
देवचाफा, तुमचा प्रतिसाद वाचून छातीत धस्स झालं. रात्रीच बघितलं. उभी असताना खांदे सारखे आहेत, वाकल्यावरही पाठ सपाट. पालथं झोपून उचलली तर बाक मोकळा होतो. (आणि ती आठपर्यंतच राहिली, भिंगरीताई.) जीव भांड्यात पडला. सर्वांचे आभार.

रानवाट
पाटीपेन्सिल, एक नाजूक विचारू? ११ वर्षांची, उंची एकदम वाढली आणि तेव्हापासूनच पोक. वर्गातल्या मुलांपेक्षा उंच आहे का ती?

मुलींच्या उंचीची झेप साधारण बाराच्या आसपास असते, मुलांची चौदाच्या. म्हणजे दोन वर्षं मुली वर्गात उठून दिसतात. आणि याच वेळी छाती दिसू लागते. मी अकराव्या वर्षी खांदे पुढे ओढून, दप्तर पोटाशी धरून चालायला लागले. कारण मैदानावर धावताना मागे कुणीतरी हसलं होतं. आईला वाटायचं मी आळशी आहे. मला नुसतं दिसायचं नव्हतं.

अशा मुलीला "छाती पुढे काढ" सांगणं म्हणजे जखमेवर मीठ. तिला आधी धावायला योग्य अंतर्वस्त्र आणि सैल टीशर्ट द्या. शाळेला सांगायचंच असेल तर हे सांगा, की पीटीचा गणवेश सैल असावा आणि कपडे बदलायला बंद होणारी खोली असावी.

पाटीपेन्सिल
रानवाट, ती वर्गात सर्वांत उंच आहे. मी तिला हे कधीच विचारलं नाही.

फुलपाखरू_७
रानवाट +१. माझ्या भाचीचं अगदी असंच होतं.

टिचकी
सगळं ठीक, पण पीटीचा तास होतो कुठे? माझ्या मुलाच्या वेळापत्रकात दोन तास आहेत, गेल्या महिन्यात झाला एक. बाकीचे गणिताच्या उजळणीला. पाऊस आला की रद्द, परीक्षा आली की रद्द, पाहुणे आले की रद्द. आणि झाला तेव्हा चाळीस मुलं एका रांगेत आपला नंबर यायची वाट बघत उभी. प्रत्येकाच्या वाट्याला हालचाल दोन-तीन मिनिटांची. यात पाठ काय सुधारणार? आधी तास वाचवा, मग व्यायाम ठरवा.

भिंगरी
टिचकी, तुमचा राग रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेचं २०२० चं मार्गदर्शन आहे: ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडं बळकट करणारी. आठवड्याला दोनच तास असतील आणि त्यातलेही जात असतील, तर फक्त शाळेच्या भरवशावर ते शक्यच नाही. पण रांगेत उभं करणं हा आम्हा शिक्षकांचा दोष आहे, तो मान्य करते. चाळीस मुलांना एकच चेंडू दिला की असंच होतं. सहा-सहाचे गट आणि सहा-सात ठिकाणं केली की कुणी थांबत नाही.

काटकोन
एक भर घालतो. हनुवटी वहीला टेकते म्हटल्यावर मला खटकलं होतं. माझ्या मुलाचे डोळे तपासले, दोन्हीकडे नंबर निघाला. चष्मा आल्यावर मान आपोआप चार बोटं वर आली. आम्ही सहा महिने उगाच पाठीला बोल लावत होतो.

गवतफूल
काटकोन, अगदी बरोबर. मान पुढे गेलेली दिसली की पहिली तपासणी डोळ्यांची. मग बाकाची. पाय जमिनीला टेकतात का, कोपर टेबलाच्या उंचीला येतं का. एकाच वर्गात मुलांच्या उंचीत वीतभर फरक असतो आणि बाक मात्र सगळ्यांना सारखेच.

उंबरठा
दप्तराबद्दल कुणीच बोललं नाही?

गवतफूल
वजनाच्या १० ते १५ टक्क्यांच्या आत ठेवा, दोन्ही पट्टे लावा, पाठीला लागून आणि फार खाली लोंबू न देता. कणा कायमचा वाकत नाही, पण जड दप्तराने मूल पुढे झुकतं आणि दमतं हे खरं. बाकी दप्तरावर स्वतंत्र धागा निघेल!

पाटीपेन्सिल
आता मूळ प्रश्नाकडे येते. सोमवारी सरांना भेटायचंय. भिंगरीताई, ४० मिनिटांत तुम्ही नेमकं काय घ्याल? मी लिहून नेणार आहे.

भिंगरी
लिहून घ्या.

पहिली आठ मिनिटं शिवाशिवी, पण प्राण्यांच्या चालीने. अस्वल म्हणजे हात-पाय जमिनीवर आणि गुडघे उचललेले. खेकडा म्हणजे पोट आकाशाकडे. खांद्याच्या फऱ्यांना याच्याइतकं चांगलं काम क्वचितच मिळतं, आणि मुलांना व्यायाम केल्यासारखं वाटतही नाही.

मग वीस मिनिटं ठिकाणं. एका ठिकाणी लोंबकळणं, दांडी नसेल तर जोडीने टॉवेल ओढणं. दुसऱ्या ठिकाणी पालथं विमान. तिसऱ्या ठिकाणी हात-गुडघ्यांवर येऊन उजवा हात आणि डावा पाय लांबवणं, पाठीवर रुमाल ठेवायचा, तो पडू द्यायचा नाही. या रुमालावर मुलं जीव ओततात! चौथ्या ठिकाणी डोळे मिटून एका पायावर. पाचव्या ठिकाणी दोन्ही हातांत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घेऊन आखलेल्या रेषेवर चालणं. सहाव्या ठिकाणी दोरीउड्या. दोन-तीन मिनिटं झाली की पुढचं ठिकाण.

उरलेला वेळ खेळ, खराखुरा खेळ, मुलं निवडतील तो. शेवटची तीन मिनिटं पाठीवर झोपून पोटावर हात ठेवून श्वास.

"सावधान" मध्ये दहा-दहा मिनिटं उभं करणं बंद करा. छाती ताणून, गुडघे मागे रेटून मुलं श्वास कोंडतात. त्यात शिस्त असेल, पण ठेवण सुधारत नाही. आणि इतर विषयांच्या शिक्षकांना विनंती करा: प्रत्येक तासाच्या मध्यावर एक मिनिट सगळ्यांनी उभं राहायचं. ते एक मिनिट माझ्या दोन तासांइतकंच मोलाचं आहे. सहा-आठ आठवड्यांआधी फरक शोधू नका.

मातीचा_गंध
रुमालाचा प्रकार घरी केला. मुलीचा टिकला, आजीचाही टिकला!

देवचाफा
आणि सरांना ती मागून बघायची गोष्टही सांगा. वर्गात न बोलता, फक्त पालकांना फोन.

पाटीपेन्सिल
नऊ आठवड्यांनी परत आले आहे, उशिराबद्दल क्षमस्व.

सरांनी ठिकाणांची पद्धत सुरू केली. पावसात वर्गातले बाक बाजूला सारून घेतात, त्यामुळे आतापर्यंत एकच तास बुडाला. मधल्या उभं राहण्याच्या मिनिटाला दोन शिक्षक तयार झाले, बाकीचे अजून नाही म्हणतात. सैल टीशर्टला शाळेने लगेच परवानगी दिली. खोलीचं काम रखडलंय, पुन्हा अर्ज दिलाय. डोळे तपासले, नंबर नाही.

रानवाट, त्या रात्री मी मुलीशी बोलले. तिला मागे बसणारी मुलं 'शिडी' म्हणतात. चार महिने म्हणत होती, आणि मी चार महिने "सरळ बस" म्हणत होते. वर्गशिक्षिकेशी बोलून तेवढं थांबवलं. त्या दिवसापासून मीही ते दोन शब्द बंद केले आहेत.

पोक पूर्ण गेलेलं नाही. लिहिताना पाय अजून मुडपलेलाच असतो, आता कधी डावा तर कधी उजवा. पण काल संध्याकाळी ती दाराच्या चौकटीला हात वर करून लोंबकळत होती, पाय जमिनीपासून चार बोटं वर, टीशर्ट वर सरकलेला. मी आत आले तरी उतरली नाही. म्हणाली, "मोज ना, आई. शाळेत तेवीस झाले होते."

भिंगरी
किती झाले?

पाटीपेन्सिल
एकतीस.